गुडघ्याएवढे धुराडे

“त्या सकाळी माझ्या बहिणीच्या खोलीखाली जाळ होता का?”

हा एकच प्रश्न छादोल नावाच्या तरुणाने सोल्गोल गावातल्या प्रत्येकाला विचारला, असे सांगतात. मोठ्या मालकांना विचारला, त्यांच्या भावकीला विचारला, सरकारातून आलेल्या कारकुनाला विचारला, विहिरीवरच्या बायकांना विचारला. ‘होता’ म्हटले असते तरी तो घरी गेला असता, ‘नव्हता’ म्हटले असते तरी त्याला काय करायचे ते कळले असते. पण कोणी तोंड उघडले नाही. आणि उघडले नाही म्हणूनच, म्हणे, सोल्गोलच्या मोठ्या घरामागचे धुराडे गुडघ्याएवढे राहिले.

सोल्गोल हे कोरियातले एक जुने खेडे. तीन बाजूंना पाइनच्या टेकड्या, चौथ्या बाजूला ओढा, आणि मध्ये दगडमातीच्या कुंपणांमधून वळत जाणाऱ्या गल्ल्या. गावातली बाकीची धुराडी वळचणीच्या वर डोके काढून उभी असतात. हे एकच मोडके. त्याचा माथा वेडावाकडा आहे आणि तो कोणी कधी सारखा केला नाही. त्याच्या थोडे पुढे एक लाल कमान आहे: दोन जाड खांब, वर छोटेसे छप्पर आणि छपराखाली भाल्याच्या टोकांसारखी लाकडी दातेरी. कमानीला वेळच्या वेळी रंग देतात. पण तिच्याखाली पोटरीइतके गवत माजलेले असते, कारण तिच्याखालून कोणी जात नाही. पायवाट तिथे येते आणि वळसा घालून पुढे निघते.

गेल्या वर्षी दिवाळी उलटल्यावर शर्वाणी खोत आपल्या आईला आणि मामाला घेऊन तिथे गेली. ती नोकरीसाठी कोरियात असते. आई शालन आणि धाकटा मामा दिगंबर पहिल्यांदाच तिच्याकडे आले होते. गाव दाखवायला युन आजोबा होते. डोक्यावर टोपी, अंगात जाड जाकीट, हातात काठी, आणि चालण्यात घाई कुठेच नाही. मोठे घर त्यांच्याच घराण्याचे. ते त्यांच्या भाषेत सांगत आणि शर्वाणी मराठीत.

वेशीवर लाकडाचे दोन रखवालदार रोवलेले होते, डोळे वटारून दात विचकलेले.

“अक्का, हा बघ,” मामा म्हणाला. “आपल्या भावजींसारखा दिसतो का नाही, जेवायला उशीर झाल्यावर?”

“गेलेल्या माणसाला नावं ठेवू नये,” शालन म्हणाली, पण हसली. नवरा जाऊन तिला दोन वर्षे झाली होती.

वळचणीखाली सोललेली केशरी फळे दोऱ्यांना बांधून वाळत टांगली होती. अंगणात लोणच्याचे काळे रांजण ओळीने बसलेले. शालनचे गुडघे दुखायला लागले की सगळे एखाद्या ओट्यावर टेकत.

“तिकडं एकटी असतेस तेव्हा बोलायचं की गुडघ्याचं,” मामा म्हणाला. “रोज फोन करतो मी.”

“करतोस की. आणि मी रोज सांगते, बरी आहे.”

एका घरात आजोबांनी त्यांना जमिनीवर बसवले. जमीन तव्यासारखी ऊबदार होती. बाहेरच्या भिंतीत चुलीचे तोंड असते, तिथे लाकूड घालायचे. जाळ आणि धूर जमिनीच्या फरशांखालून फिरतो, फरशा तापवतो आणि पलीकडच्या धुराड्यातून बाहेर पडतो. मामाने वाकून चुलीचे तोंड पाहिले. “हे तर गुऱ्हाळाचं चुलवण झालं की! वर काहिलीच्या जागी माणसं.” शर्वाणीने ते आजोबांना सांगितले तेव्हा ते खूप वेळ हसले. मग हसू ओसरले आणि ते म्हणाले, चला, आता ओढ्यावर जाऊ. तिथून सांगायला लागावे लागते.

ओढ्यात पलीकडे जायला मोठे दगड टाकलेले आहेत. ते तेव्हाचेच, असे म्हणतात.

राजेलोकांच्या काळची गोष्ट. ओढ्यापलीकडे एका झोपडीत छादोल आणि त्याची थोरली बहीण दाल्ले राहत. छादोल म्हणजे गारगोटी, आणि दाल्ले म्हणजे डोंगरात उगवणारी रानकांद्याची पात. बाप नावाजलेल्या कुळातला, पण कुळाचे नाव सोडले तर घरात काही नव्हते, आणि मग बापही गेला, आईही गेली. दाल्लेने भावाला वाढवले. त्या झोपडीत दोघांत एकच पांघरूण होते. चुलीकडच्या अंगाला जमीन तापते, ती जागा ती छादोलला द्यायची आणि स्वतः गार कडेला निजायची. “मला उकडतं,” म्हणायची. छादोलला ते कित्येक वर्षे खरे वाटत होते.

पाठशाळेत तो एकच हिवाळा टिकला, म्हणे. गुरुजींच्या मुलाने दाल्लेच्या ठिगळांवरून चिडवले तेव्हा त्याने शाई उगाळायचा दगड त्या पोराच्या कपाळात घातला, आणि विद्या तिथे संपली. पुढे तो लाकूड आणायला लागला. पाठीवर लाकडी घोडी बांधायची, तिच्यावर लाकूड रचायचे आणि टेकडी उतरायची. रागीट होता, पण कष्टाला कमी नव्हता.

युन घराण्याच्या धाकट्या मुलाला लहानपणापासून खोकला होता. चांगल्या घरची मुलगी कोणी देईना. तेव्हा त्याच्या वडिलांची, म्हणजे मोठ्या मालकांची नजर ओढ्यापलीकडे गेली. कूळ चांगले, विचारणारे कोणी नाही. दाल्ले नाही म्हणाली नाही. लग्नाच्या दिवशी ती ह्याच दगडांवरून अलीकडे आली, आणि छादोल मधल्या दगडावर वाट अडवून उभा राहिला.

“रोज येशील?”

“सून रोज माहेरी येते होय रे, वेड्या?”

“मग मला कळणार कसं?”

“टेकडीवरून माझ्या खोलीचं धुराडं दिसतं. सकाळी धूर दिसला की समजायचं, ताई उठली, ताईच्या खोलीत ऊब आहे.”

“आणि नाही दिसला तर?”

“तर लाकूड घेऊन यायचं,” ती हसून म्हणाली. “सर बाजूला. साडी भिजेल”— शर्वाणी इथे अडखळली. “म्हणजे त्यांचा घागरा,” ती म्हणाली.

“साडीच राहू दे,” शालन म्हणाली. “कळतंय आम्हाला.”

आजोबा उठले. मोठ्या घराच्या मागच्या कुंपणाशी त्यांनी सगळ्यांना नेले. तिथे भिंतीत एक ठेंगणे दार आहे.

छादोल रोज सकाळी ओढ्यापलीकडच्या टेकडीवर जायचा. एका पाइनखाली उभा राहून ते धुराडे पाहायचा. धूर दिसला की त्याच्या जिवाला बरे वाटायचे. धूर रोज दिसायचा. तरी तो लाकूड आणायचा. ह्या दारापाशी टाकायचा आणि साम्वोल नावाची दासी ते आत न्यायची. पुढच्या दाराने त्याला कोणी घेत नव्हते. साम्वोल मोठी तोंडाळ होती, असे सांगतात. “एवढं लाकूड?” म्हणायची. “तुझ्या ताईला उकडून काढायचा बेत आहे का रे?” छादोलला ते ऐकायला आवडायचे.

एका शरदात दाल्लेचा नवरा खोकता खोकता गेला.

आता इथे आणखी एक गोष्ट सांगायला हवी. नवऱ्यामागे जीव देणाऱ्या बाईसाठी राजाकडून लाल कमान मिळत असे. कमान मिळाली की साऱ्या घराण्याचा मान वाढे, वेठबिगार माफ होई, आणि परगण्याचा अधिकारीसुद्धा तिच्यापुढे घोड्यावरून उतरे. ओढ्याच्या वरच्या अंगाच्या गावाला अशी कमान मिळाली होती. युन घराण्यात विद्वान होऊन गेले होते, पण कमान नव्हती. मोठ्या मालकांना ही गोष्ट फार सलत होती.

दाल्लेला ‘मर’ असे कोणीही म्हटले नाही. हे युन घराण्यातले लोक शपथेवर सांगत, आणि ते खरेही असेल. तिला फक्त तिच्या मागच्या खोलीतच बसवून ठेवले. मग तिच्या दारापुढचे लाकूड उचलले गेले. मग भाताच्या जागी पेज आली, आणि पेजेत दाणे कमी होत गेले. जावा तिच्या खोलीपुढून जाताना वरच्या गावच्या त्या सतीचे गुण गायच्या, तिला ऐकू जाईल अशा आवाजात. मग तिला हाक मारणेच बंद झाले. हिवाळा पुढे सरकत होता. घाई कोणालाच नव्हती.

आणि टेकडीवरून छादोलला धूर दिसत होता.

कारण त्या मागच्या सोप्यात दोन खोल्या होत्या आणि धुराडे एकच. एक खोली दाल्लेची. दुसरीत मोठे मालक वाचत बसत. त्यांच्या खोलीखाली दिवसरात्र जाळ असे, आणि तो धूर त्याच धुराड्यातून निघे. छादोलने ते घर आतून कधी पाहिले नव्हते. तो पाइनखाली उभा राहून म्हणायचा, ताई उठली, आणि खाली येऊन दारापाशी आणखी लाकूड टाकायचा. ते लाकूड मोठ्या मालकांच्या खोलीखाली जळायचे.

एका सकाळी साम्वोलने लाकूड उचलले नाही. ती त्याच्याकडे पाहत राहिली.

“टेकडीवरनं काय बघतोस रे रोज? एकदा भिंतीच्या आत बघ.”

“धूर दिसतो की,” छादोल म्हणाला. “मग?”

साम्वोलने मागे वळून घराकडे पाहिले, लाकूड उचलले आणि ती आत गेली. तिच्यासारखीला ह्याहून जास्त बोलता येत नव्हते. आणि छादोलला एवढ्याने कळत नव्हते.

मग ती दहिवराची सकाळ आली. पाने कडक झाली होती, ओढ्याच्या काठाला बर्फाचा पापुद्रा धरला होता. छादोलने टेकडीवरून धूर पाहिला. त्या दिवशी, म्हणे, त्याने गमतीने धुराला हातही केला. तो हात अजून वर होता आणि खालून मोठ्या घरातून रडण्याचा सूर उठला.

दगडांवरून धावत तो पोहोचला. त्या दिवशी त्याला पुढच्या दाराने घेतले. ज्या माणसांनी त्याला कधी नावाने हाक मारली नव्हती ती त्याचे हात धरून म्हणाली, “भाग्यवान आहेस. तुझ्या बहिणीनं अन्नपाणी सोडून नवऱ्याची वाट धरली. दोन्ही कुळांचं नाव काढलं.” त्याला मानाच्या जागी बसवले. तांदळाची दारू पुढे केली.

दाल्लेला पुढच्या सोप्यात आणून निजवले होते. त्याने तिच्या पायांना हात लावला. पाय बर्फासारखे होते.

“मेलेल्याचे पाय गारच असतात रे बाळ,” कोणीतरी म्हणाले.

तेव्हा त्याने पहिल्यांदा विचारले. “त्या खोलीखाली जाळ होता का?”

मोठे मालक भिंतीकडे पाहू लागले. भावकी मोठ्या मालकांकडे पाहू लागली. छादोलने दारूचा चौरंग लाथेने उडवला आणि तो मागच्या खोलीकडे धावला. खोलीला कुलूप होते. गड्यांनी त्याला धरले, चोपले आणि ओढ्यापलीकडे नेऊन टाकले.

काही दिवसांनी कारकून आला. सती खरी की खोटी याची चौकशी होत असे, आणि माहेरचीही साक्ष लागे. ज्याला लिहिता येत नाही त्याने कागदावर तळहात ठेवायचा आणि कारकुनाने त्याच्याभोवती शाईची रेघ ओढायची, अशी रीत होती. कारकुनाने कागद पसरला.

“हात ठेव.”

“जाळ होता का?” छादोल म्हणाला.

“ते ह्यात विचारलेलं नाही.”

“मी विचारतोय.”

कारकुनाने मोठ्या मालकांकडे पाहिले आणि कागद गुंडाळला. पुढे कुठला तरी लांबचा चुलता हात ठेवायला मिळाला. वसंतात कमान उभी राहिली. तिच्या खांबांसाठी टेकडीवरचा तो पाइन तोडला, ज्याच्याखाली छादोल उभा राहायचा.

त्यानंतर छादोल कमानीपाशी बसू लागला. लांबलांबून लोक नमस्काराला येत. तो प्रत्येकाला विचारी. लोक म्हणत, वेडा आहे, आणि बाजूने जात. गावातल्या बायका त्याची नजर चुकवायला कमानीला वळसा घालून पाण्याला जाऊ लागल्या. ती पायवाट तेव्हा पडली, असे सांगतात.

एवढे सांगून आजोबा कमानीपाशी थांबले. तेही वळसा घालूनच पुढे आले. शालन गवताकडे पाहत होती.

“आमच्या वेशीवरबी आहे एक सतीचा दगड,” ती शर्वाणीला म्हणाली. “कोपरात दुमडलेला हात, बांगड्यांसकट. लहानपणापासनं हळदकुंकू वाहते मी त्याला. ती बाई आपल्या पायानं गेली का, हे कधी मनात आलं नाही बघ.”

शर्वाणीने ते आजोबांना सांगितले. काठी टेकत ते पुढे निघाले.

पुढच्या हिवाळ्यात ते नवल घडले, म्हणे. पहिले दहिवर पडले, आणि मोठ्या घरातला धूर बाहेर जाईना. कुठल्याही चुलवणात जाळ घाला, धूर मागे फिरे आणि फरशांच्या फटींतून खोल्यांत भरे. जाळ विझवला की जमीन गार पडे. गवंडी बोलावले, फरशा उखडल्या, पुन्हा बसवल्या. काही उपयोग झाला नाही. सुनेच्या मरणाला ज्यांच्या डोळ्यांत टिपूस आले नव्हते त्या मोठ्या मालकांचे डोळे आता दिवसभर पाझरत. ते पुसत, पुन्हा पाझरत.

शेवटी डोंगरातून देवऋषीण आणली. ती घरभर अनवाणी फिरली आणि मागच्या खोलीपुढे येऊन उभी राहिली. “ह्या घरात एक जण अजून गारठलेली आहे,” ती म्हणाली. “ती तापल्याशिवाय इथं दुसऱ्या कुणाला ऊब मिळायची नाही. आणि तिच्या खोलीखालचा जाळ तिच्या रक्ताच्या माणसानंच घालायला हवा.”

भावकी ओढ्यापलीकडे गेली, तांदूळ आणि कापड घेऊन. छादोलने सामान दगडांवरून ओढ्यात फेकले. मग मोठे मालक स्वतः आले. उंच काळी टोपी, पांढरा अंगरखा, आणि गालांवरून वाहणारे पाणी. त्या घरातला मालक त्या झोपडीपुढे उभा राहण्याची ती पहिलीच वेळ.

“छादोल,” ते म्हणाले, “झालं ते झालं. घरात म्हातारी माणसं आहेत, लेकरं आहेत.”

“एक शब्द सांगा. होता का नव्हता?”

होता म्हटले तर देवऋषीण खोटी पडत होती आणि घर गारठतच राहणार होते. नव्हता म्हटले तर सती खोटी, कमान खोटी, आणि राजाची फसवणूक केली म्हणून सारे घराणे धुळीला मिळणार होते. मोठ्या मालकांचे ओठ हलले. त्यांनी मान वळवून लाल कमानीकडे पाहिले. मग ते मागे फिरले आणि दगडांवरून हळूहळू परत गेले.

छादोल टेकडीवर चढला आणि तोडलेल्या पाइनच्या बुंध्यावर जाऊन बसला. खाली मोठ्या घरावर धुराची एक रेघ नव्हती. “गारठा,” तो मोठ्याने ओरडला. “सगळे गारठा.” त्याला वाटले होते बरे वाटेल. रोज तो बुंध्यावर जाऊन बसे, रोज ओरडे, आणि रोज खाली येताना त्याचे पाय जड होत.

मग एका पहाटे साम्वोल आली. दगडांवर बर्फ होता. ती रांगत रांगत ओढा ओलांडून आली, असे सांगतात. तिच्या हातांना भेगा पडल्या होत्या.

“मालक सांगायचे नाहीत,” ती म्हणाली. “मेले तरी नाहीत.”

“तर मरू दे.”

“मरू दे की. मी काय त्यांचं गाऱ्हाणं घेऊन आले नाही.”

“मग तू सांग. तुला ठाऊक आहे.”

साम्वोल खाली पाहत राहिली. तिलाही त्या घरातच जगायचे होते. ती बोलली, पण उत्तर दिले नाही.

“ती खोली अजून बंद आहे रे. वर्ष झालं. तू गावभर विचारत हिंडतोस, जाळ होता का, जाळ होता का. अरे, आज तरी आहे का?”

छादोलने हात उगारला होता, म्हणे, तिला मारायला. तो तसाच राहिला.

मग तो झोपडीत गेला. घरात होते नव्हते तेवढे सगळे लाकूड त्याने घोडीवर रचले आणि वर ते लहानपणचे पांघरूण बांधले. दगडांवरून तो अलीकडे आला. कमानीला वळसा घालून मोठ्या घरामागे गेला. दारे आपोआप उघडत गेली, कारण आता कोणालाच त्याला अडवायचे नव्हते. मागच्या खोलीचे कुलूप काढून साम्वोल बाजूला झाली.

आधी त्याने एक धोंडा उचलला आणि धुराड्यावर घातला. वरचे कौल फुटले, माती ढासळली. मोठे मालक धावत आले. “अरे, हे काय करतोस?”

“ह्यानं मला फसवलं,” छादोल म्हणाला. “यापुढं इथला धूर लांबनं कुणाला दिसणार नाही. ज्याला बघायचं आहे त्यानं आत यावं आणि हात लावून बघावं.” धुराडे गुडघ्याएवढे उरले तेव्हा त्याने धोंडा टाकला.

मग तो चुलवणापाशी बसला. चुलवणाच्या तोंडावर कोळ्याचे जाळे होते. जुने, धुळीने जड झालेले, कुठेही न फाटलेले. खोली वर्षभर बंदच होती, तेव्हा त्यावरून काही ठरत नाही, असे युन घराण्यातले आजपर्यंत सांगत आले आहेत. छादोलने ते जाळे पुष्कळ वेळ पाहिले. कोणाला काही विचारले नाही. त्यानंतर त्याने तो प्रश्न कधीच विचारला नाही.

गारगोटीवर लोखंड घासून त्याने ठिणगी पाडली. आणलेले सगळे लाकूड घातले. ते कमी पडेल असे वाटले तेव्हा पाठीवरची घोडी गुडघ्यावर मोडली आणि तीही आत सारली. मोडक्या धुराड्यातून धूर निघाला, पण तो वर गेला नाही. जमिनीला धरून तो अंगणातून सरपटत गेला, कुंपणावरून उतरला, ओढ्यातल्या दगडांवरून एकेक करत पलीकडे गेला आणि त्या रिकाम्या झोपडीच्या दाराशी जाऊन थांबला. गावातल्या सगळ्यांनी ते पाहिले, असे म्हणतात. त्याच घटकेला मोठ्या घराच्या बाकीच्या धुराड्यांतून धूर सरळ वर गेला. मोठ्या मालकांचे डोळे मात्र मरेपर्यंत पाझरत राहिले.

युन आजोबांनी मागच्या खोलीचे दार सरकवले. खोली लहान आहे, सामान काही नाही. जमिनीवर तेल पाजलेला पिवळा कागद लावला आहे, आणि चुलवणाकडच्या अंगाला त्यावर एक काळपट डाग आहे. कागद कितीही वेळा बदलला तरी डाग पुन्हा उमटतो, असे सांगतात. डाग पसरलेल्या तळहाताएवढा आहे. जो हात कागदावर ठेवला नाही तो इथे ठेवला, एवढेच आजोबा म्हणाले.

मामा वाकला आणि त्याने जमिनीवर हात ठेवला. मग तसाच वाकलेला राहून म्हणाला, “शर्वाणी, आजोबांना विचार. होता का गं जाळ?”

“मामा, असं कसं—”

“विचार तरी.”

तिने विचारले. युन आजोबांनी ऐकले. त्यांची नजर दाराबाहेर लाल कमानीकडे गेली आणि तिथेच राहिली. मग त्यांनी काठी उचलली आणि ते म्हणाले, थंडी वाढली आहे, चहा घेऊ या.

परत जाताना वेशीजवळ मामा मागे रेंगाळला. शालनचे गुडघे दुखत होते म्हणून तीही मागे होती.

“अक्का, तुझ्या घरचा गीझर चालतो का गं?”

“गेल्या थंडीपासनं बंद आहे.”

“मला बोलली नाहीस?”

“तू बरी आहेस का एवढंच विचारतोस की रे,” ती म्हणाली, आणि त्याचा हात धरून उतरण उतरू लागली.

आजही सोल्गोलमध्ये पहिले दहिवर पडले की कोणी आधी आपल्या घरात जाळ घालत नाही. आधी त्या रिकाम्या खोलीखाली घालतात, आणि घालणारा कोणाचा तरी भाऊ असावा लागतो. धूर जमिनीला धरून ओढ्याकडे निघाला की मग गावातली बाकीची चुलवणे पेटतात. आजही कमानीखाली गवत वाढते. आजही सासरी गेलेल्या बहिणीकडे आलेला सोल्गोलचा भाऊ पाणी घेत नाही, खुशाली विचारत नाही, आधी वाकून तिच्या खोलीच्या जमिनीला तळहात लावतो. आणि आजही त्या पहिल्या जाळाच्या वेळी कोणीतरी मोठ्याने विचारतो, जाळ होता का, आणि युन घराण्यातले जे कोणी तिथे असतील ते भिंतीकडे पाहत उभे राहतात.

छादोल त्या दिवसानंतर सोल्गोलमध्ये कोणाला दिसला नाही. शेवटचे पाहिले ते साम्वोलने. जमीन पुरती तापेपर्यंत तो हात टेकून बसला होता. मग त्याने ते जुने पांघरूण सोडले, चुलवणाकडच्या, सगळ्यांत उबेच्या जागी अंथरले, निजायला येणाऱ्या माणसासाठी सारतात तसे त्याचे एक टोक मागे सारले, आणि बाहेर येऊन, ऊब जाऊ नये म्हणून, दार हलकेच ओढून घेतले.